बीडमधल्या बीडमधलं बीड

मी प्रोग्रॅम लिहितो. बीडमध्ये बसून, बहुतेक इथल्याच लोकांसाठी. काम ऐकायला साधं वाटतं. एक लांबलचक यादी हातात येते आणि तिच्यातली प्रत्येक ओळ प्रोग्रॅमनं योग्य गटात, त्या गटाच्या पोटगटात, त्याच्याही पोटातल्या गटात नेऊन ठेवायची. कधी ती यादी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची आणि त्यांच्या मुलांची असते. ती जिल्हा, तालुका, केंद्र, शाळा अशी लावायची असते. कधी कृषी सेवा केंद्रातल्या मालाची असते. ती बियाणे, खते, औषधे आणि त्यांच्या खालच्या फांद्यांवर बसवायची असते. असा कोड लिहायला एक दुपार पुरते. तो बरोबर चालतो की नाही याच्या टेस्ट लिहायला किती वेळ लागतो, ते विचारू नका. या टेस्ट लिहिताना जे कळलं ते जसं आठवलं तसं मांडतो.

१. पहिली टेस्ट बीडची

जिल्ह्याचं नाव बीड. त्याच्या अकरा तालुक्यांतल्या एकाचं नाव बीड. त्या तालुक्याचं ठिकाण असलेलं शहरही बीडच. पूर्ण पत्ता लिहिला तर बीड, बीड, बीड असा होतो आणि पोस्टमनला त्यात काहीच वावगं वाटत नाही. कोडला मात्र वाटतं. ज्या कोडनं नाव हीच खूण धरलीय, त्याला ‘बीड कुणाच्या पोटात?’ असं विचारलं की तो ‘बीडच्या’ म्हणतो. ते बीड कुणाच्या पोटात, तर पुन्हा बीडच्या. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला की समजावं, गडी महाराष्ट्रापर्यंत काही पोहोचत नाही.

म्हणून माझ्या टेस्टच्या फाइलमध्ये पहिली ओळ हीच असते. बीड शहर दिलं की तालुका, जिल्हा, विभाग, राज्य हे टप्पे याच क्रमानं आले पाहिजेत आणि राज्यावर थांबलं पाहिजे. कुठलीही फांदी स्वतःचीच आजी होता कामा नये, हा नियम सगळ्या झाडासाठी वेगळा तपासावा. एरवी तो कुणाच्या डोक्यातही येत नाही.

मग एकाच नावाची लांब लांबची ठिकाणं. शिरूर कासार आमचं, शिरूर अनंतपाळ लातूर जिल्ह्यातलं आणि नुसतं शिरूर पुण्याकडचं. आष्टी तालुका जसा बीडला तसा वर्ध्यालाही. पाटोदा म्हटलं की आमच्या माणसाला तालुका आठवतो, बाकी महाराष्ट्राला छत्रपती संभाजीनगरजवळचं आदर्श गाव. परळी आमच्यासाठी वैजनाथाची, पण सज्जनगडाच्या पायथ्याशीही एक परळी आहे. आमच्या ऊसतोडीच्या टोळ्या सातारा जिल्ह्यातही जातात. तेव्हा ‘सध्या मुक्काम परळी’ या ओळीचे दोन अर्थ होतात, आणि कुठला खरा ते तालुक्याचा रकाना बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

नावांचा भरवसा नाही तर आकडे घेऊ, असं कुणीतरी म्हणतंच. घ्या. शाळांच्या अकरा आकडी यूडायस कोडात पहिले दोन आकडे राज्याचे आणि पुढचे दोन जिल्ह्याचे. महाराष्ट्र २७. बीड जिल्हा, तोही २७. आमच्या शाळांचे कोड २७२७ ने सुरू होतात. २०११ च्या जनगणनेत हाच जिल्हा ५२३. म्हणजे आकडाही एकटा फिरवून चालत नाही. तो कुठल्या पातळीवरचा आणि कुणाच्या यादीतला, हे त्याच्याबरोबर यायला हवं. नुसतं ‘२७’ दिल्यावर कोडनं गप्प राज्य उचललं तर टेस्ट नापास. ‘कुठलं २७?’ म्हणून अडून बसला तर पास.

२. बेरीज करा, पण कशाची ते आधी ठरवा

वर्गीकरणाच्या कोडची सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी टेस्ट बेरजेची. जेवढ्या ओळी आत गेल्या तेवढ्याच बाहेर यायला हव्यात. तालुक्यांची बेरीज जिल्ह्याशी जुळली पाहिजे, केंद्रांची तालुक्याशी. कुठली ओळ कुठं गेली हे नंतर बघू, आधी कुणी हरवलं नाही ना ते बघू. यात हमखास सापडणारा प्रकार म्हणजे सारख्या नावांची मुलं. एका गावात, एका वर्गात, एकाच आडनावाच्या दोन पूजा असू शकतात. नावाला किल्ली धरणारा कोड दुसऱ्या पूजाला पहिलीवर ठेवतो आणि एक पोरगी यादीतून जाते. म्हणून हुबेहूब सारख्या दोन ओळी देऊन बाहेर दोनच येतात का, ही टेस्ट मी कधी सोडत नाही. दुबार नोंद काढायची असेल तर ते काम वेगळं, माणसाच्या संमतीनं करायचं. गटात लावणाऱ्यानं ते परस्पर करू नये.

आता ऊसतोडीच्या यादीची गंमत. टोळीच्या मुकादमाच्या वहीत माणसं नसतात, कोयते असतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. वहीवरून एक्सेलमध्ये आलेल्या यादीत काही ओळी पूर्ण कोयत्याच्या, काही अर्ध्याच्या आणि काही ठिकाणी नवरा एका ओळीत, बायको खालच्या ओळीत. अशा यादीत ओळींची बेरीज जुळली म्हणून माणसांची जुळेलच असं नाही. आणि वसतिगृहात किती मुलं राहणार, शिधा किती लागणार, हे माणसांवरून ठरतं.

एका वयस्कर मुकादमांना मी विचारलं होतं, “मामा, दोघं दोन गावचे असले तर कोयता कुठल्या गावचा?” त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की हे पोरगं शिकलंय कशाला. “उचल ज्याच्या नावावर, त्याच्या गावचा,” म्हणाले. उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे. झालं, नियम मिळाला. टेस्टमध्ये आता दोन बेरजा असतात, कोयत्यांची एक आणि माणसांची एक. जोडीतला कुठला गडी कुठल्या गावात मोजायचा त्याची ओळ वेगळी आहे, तिच्याखाली शेऱ्यात ‘उचलीवरून’ असं लिहिलंय.

३. ‘इतर’ हा गट नाही, अडगळ आहे

नवीन मुलं माझ्याकडं शिकायला येतात तेव्हा त्यांच्या कोडमध्ये शेवटी एक ओळ असतेच: कुठंच बसलं नाही तर ‘इतर’मध्ये टाक. सोय म्हणून बरी वाटते. पण पहिल्या आठवड्यात ‘इतर’मध्ये चार नोंदी असतात, हंगाम संपेपर्यंत तिथं अख्खा बाजार भरतो. आणि टेस्ट सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. कारण बेरीज बरोबर आहे, हरवलं कुणीच नाही. सगळे ‘इतर’मध्ये सुखरूप आहेत!

यावर उपाय एवढाच की ‘इतर’ आणि ‘लागलं नाही’ या दोन पेट्या वेगळ्या ठेवायच्या. ‘इतर’ म्हणजे कुणीतरी बघून ठरवलेलं, की याला वेगळा गट नको. फवारणीचा पंप, ताडपत्री, दोरी ‘इतर’मध्ये गेली तर चालतं, कारण दुकानदारानं तसं सांगितलंय. ‘लागलं नाही’ म्हणजे अजून कुणी बघितलेलंच नाही. कोडला ‘इतर’मध्ये काही टाकायची मुभा नाही, ती फक्त माणसाला. टेस्ट तशीच लिहायची. अगदी अनोळखी शब्द दिला की तो ‘लागलं नाही’मध्येच दिसला पाहिजे, ‘इतर’मध्ये दिसला तर लाल.

याच्या शेजारचा एक प्रकार आहे, अर्धवट माहितीचा. ओळीत तालुका आहे गेवराई, गावाच्या रकान्यात आडवी रेघ. अशी ओळ गेवराईच्या पातळीवरच थांबली पाहिजे. तिला खाली ढकलायचं म्हणून यादीतल्या पहिल्या गावात बसवणारे प्रोग्रॅम मी बघितलेत, आणि त्या पहिल्या गावात मग कागदावर एवढी मुलं होतात की नवीन वर्गखोली मंजूर व्हावी. जेवढं माहीत आहे तेवढ्याच खोलीवर ओळ ठेवायची. झाडाच्या मधल्या फांदीलाही स्वतःच्या ओळी असू शकतात, हे बेरजेच्या टेस्टला सांगावं लागतं. नाहीतर ती फक्त पानं मोजते.

४. नांदूरघाट आणि घाटनांदूर

नांदूरघाट केज तालुक्यात. घाटनांदूर अंबाजोगाई तालुक्यात, तिथं रेल्वे स्टेशन आहे. दोन्ही मोठी, नावाजलेली गावं. लोकांच्या लिहिण्यातल्या चुका सांभाळून घेणारा, शब्द पुढंमागं झाले तरी ओळखणारा कोड मोठ्या हुशारीनं या दोघांना एक करून टाकतो. अशा कोडला मी सगळ्यांत आधी ही जोडी देतो. ती वेगळी राहिली तर पुढं बोलू.

नावं जवळपास जुळवायची एक जुनी रीत आहे. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी लागतात ते मोजायचं. रशियन गणिती लेव्हेन्श्टाइननं ती १९६५ मध्ये मांडली आणि आजही ती सगळीकडं वापरतात. लांब नावांना ती छान चालते. लोखंडी सावरगाव कुणी कसंही लिहिलं तरी तेच निघतं. पण आमच्याकडं केज आहे, होळ आहे, विडा आहे. दोन-तीन अक्षरांच्या नावात एक अक्षर बदललं की दुसरंच गाव. विडा म्हणजे धुळवडीला जावयाची गाढवावरून मिरवणूक काढणारं केज तालुक्यातलं गाव. त्याला बीडमध्ये विलीन केलं तर जावई सुटतील, पण गावकरी सोडणार नाहीत. तेव्हा छोट्या नावांना जवळपासची जुळणी लावायचीच नाही, तंतोतंत जुळलं तर ठीक, नाहीतर ‘लागलं नाही’.

उलट बाजूला, एकाच गावाची अनेक रूपं. माजलगाव आणि माजलगांव. न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी काढले, पण दुकानांच्या पाट्यांवरून आणि सरकारी रजिस्टरांतून ते अजून गेलेले नाहीत. पिंपळगाव बुद्रुक, पिंपळगाव बु., पिंपळगाव (बु), पिंपळगांव बु॥. यातलं ‘बु’ गळालं तर खुर्द आणि बुद्रुक एक होतात, म्हणजे दोन ग्रामपंचायतींत भांडण. २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी यादीत जिल्हा ‘बिड’ आहे, अंबाजोगाई ‘अंबेजोगाई’ आणि माजलगाव चक्क ‘मांजलेगाव’. आणि निजामाच्या काळातल्या कागदावर अंबाजोगाईचं मोमिनाबाद असतं.

ही सगळी रूपं डोळ्यांना दिसतात तरी. न दिसणारं एक सांगतो. आमच्या टोळ्या जातात त्या भागातलं कऱ्हाड घ्या. यातला ऱ्ह कुणी ‘ऱ’ची वेगळी कळ दाबून लिहितो, कुणी ‘र’, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही कऱ्हाड एकसारखी. शेजारी शेजारी ठेवून भिंग लावलं तरी फरक सापडणार नाही. प्रोग्रॅमला मात्र ही दोन वेगळी शहरं. युनिकोडची जी नेहमीची एकसारखेपणाची पायरी आहे ती ‘ऱ’ आणि ‘र’खाली नुक्ता यांना एक करते, पण या जोडचिन्हाला हात लावत नाही. ते आपल्यालाच करावं लागतं. टेस्टमध्ये दोन्ही कऱ्हाड लिहून ठेवावीत आणि शेजारी चिन्हांचे क्रमांक लिहावेत. नाहीतर सहा महिन्यांनी कुणीतरी ‘ही ओळ दोनदा आलीय’ म्हणून एक पुसून टाकतं.

५. रिकामी यादी, एकच नाव असलेली यादी, ज्याच्याखाली एकही शाळा नाही असा गट. या तीन टेस्ट लिहायला पाच मिनिटं लागतात, म्हणून त्या कुणी लिहीत नाही. रिकामा तालुका तक्त्यात शून्यासह दाखवायचा की गाळायचा, एवढं मात्र ज्याला तक्ता द्यायचा त्याला आधी विचारावं. मुलांची यादी मागणाऱ्या संस्थेच्या लोकांना शून्य हवं असतं, कारण शून्य म्हणजे तिथं अजून कुणी गेलेलं नाही. दुकानदाराला ते नको असतं.

६. सल्फर कुठं ठेवायचं?

कृषी सेवा केंद्राच्या यादीनं मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या पुस्तकानं नाही. बाहेरच्या माणसाला दुकानात नुसत्या गोण्या आणि बाटल्या दिसतात. पण दुकानदाराकडं तीन वेगळे परवाने असतात. बियाण्यांचा १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाखाली, खतांचा १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली आणि औषधांचा १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली. प्रत्येकाचं साठा रजिस्टर वेगळं. कृषी विभागाचा निरीक्षक आला की तो गोदामातला माल रजिस्टरशी ताडून बघतो. म्हणजे इथं चुकीच्या गटात गेलेली ओळ ही नुसती गबाळी ओळ राहत नाही. एका रजिस्टरला माल जास्त आणि दुसऱ्याला कमी निघतो.

आता सल्फर. सोयाबीनला आणि कांद्याला देतात ते नव्वद टक्क्यांचं दाणेदार सल्फर, ते खत. त्यात दुय्यम अन्नद्रव्यांचा पोटगट. भुरीवर फवारतात ते ऐंशी टक्क्यांचं पाण्यात मिसळणारं (डब्ल्यूडीजी) सल्फर, ते बुरशीनाशक. शेतकरी दोन्हीला गंधकच म्हणतो. बिलावर पोरानं घाईत नुसतं ‘सल्फर’ लिहिलं तर? टेस्टमध्ये माझ्या तीन ओळी आहेत. नव्वद टक्के दाणेदार गेलं पाहिजे खते, दुय्यम अन्नद्रव्ये इथं. ऐंशी टक्के डब्ल्यूडीजी गेलं पाहिजे औषधे, बुरशीनाशके इथं. आणि नुसतं सल्फर ‘लागलं नाही’मध्ये, मग दुकानदारानं गोणीकडं बघून सांगावं. कोडनं अंदाज बांधून बरोबर उत्तर दिलं तरी ही तिसरी टेस्ट नापासच समजतो मी. आज बरोबर निघालेला अंदाज उद्या रजिस्टरमध्ये जातो.

पिकांच्या यादीत हाच पेच दुसऱ्या रूपात येतो. ज्वारी खरिपातही आहे आणि रब्बीतही. तूर पेरायची पावसाळ्यात, घरात येते हिवाळ्यात, पण ती खरिपाचीच. सोयाबीनमध्ये तूर आंतरपीक असेल तर एका शेताच्या एका ओळीत दोन पिकं. एकाला एकच बाप असलेल्या झाडात ज्वारी बसत नाही. ग्रंथालयशास्त्रवाले या प्रश्नाला आपल्या कितीतरी आधी भिडलेत. मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये कोलन वर्गीकरण काढलं, त्यात पुस्तकाला एकाच खणात कोंबायच्या ऐवजी विषय, काळ, स्थळ अशा बाजू वेगळ्या लिहून जोडल्या. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक, ते दिसतंच. मी पिकांसाठी तेच केलं: पीक एक बाजू, हंगाम दुसरी, शेतातली जागा तिसरी. झाड मग पाहिजे तसं उभं करता येतं, आणि टेस्ट एवढीच उरते की दोन झाडांत मिळून ज्वारीचं क्षेत्र दोनदा मोजलं गेलं नाही ना.

या प्रकरणातून माझं एक मत पक्कं झालं. सल्फर कुठं जातं हे संगणकाला कळण्यासारखं नाहीच. ते कुणीतरी ठरवतं, कायद्यानं, दुकानदारानं, मुकादमानं. टेस्ट म्हणजे त्या ठरवण्याची नोंद. म्हणून प्रत्येक अवघड ओळीपुढं मी ‘कुणी सांगितलं’ हा रकाना ठेवतो. त्यात माणसाचं नाव नसतं, ‘परवाना’, ‘दुकान’, ‘केंद्रप्रमुख’, ‘मुकादम’ असं असतं. दोन वर्षांनी वाद निघाला की कुणाकडं जायचं ते कळतं.

७. तारीख विचारल्याशिवाय गाव सांगू नये

२०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद जिल्ह्यांची नावं छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. हे तिन्ही बीडला लागून असलेले जिल्हे आणि आमचा महसूल विभागही त्यांतल्याच एकाच्या नावाचा. जुन्या याद्या जुन्या नावांनी, नव्या नव्या नावांनी, आणि काही याद्यांत एकाच पानावर दोन्ही. त्याच्याही आधीचं बघायचं तर परळी, धारूर, वडवणी आणि शिरूर कासार हे तालुके मागाहून झालेले. जुन्या कागदावर त्यांची गावं दुसऱ्याच तालुक्यात सापडतात, आणि तो कागद खोटा नसतो. तो त्या दिवशी खरा होता.

मुलांचं तर वर्षातच दोनदा बदलतं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात, कारखाने बंद झाले की परततात. तेवढ्या काळात मूल आपल्या गावच्या शाळेच्या पटावर असतं आणि प्रत्यक्षात सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात कुठल्यातरी उसाच्या फडावर. शिक्षण हमी पत्रक घेऊन तिथल्या शाळेत बसलेलं असलं तर नशीब. आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात राहिलेलं मूल वेगळं. मग ‘या मुलाची शाळा कुठली?’ याचं उत्तर ऑगस्टमध्ये एक आणि जानेवारीत दुसरं.

कोडमध्ये ‘आजची तारीख’ लपलेली असेल तर ऑगस्टमध्ये हिरव्या असलेल्या टेस्ट कुणी काही न बदलता नोव्हेंबरात लाल होतात आणि सगळे कोडमध्ये बग शोधत बसतात. तारीख बाहेरून द्यावी. टेस्टमध्ये एकच मूल तीन तारखांना विचारावं: टोळी निघायच्या आधी, हंगामाच्या मध्यावर आणि परतल्यावर. तिसरं उत्तर पहिल्यासारखंच यायला हवं. ते येत नाही तेव्हा मूल गावी आलेलं असतं आणि यादी अजून फडावर.

८. ळ चा नंबर

गटात सगळं नीट बसलं तरी गटाच्या आत क्रम लावायचा राहतो. मराठी वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर. संगणकाच्या क्रमांकात तो ल आणि व यांच्या मधोमध बसलेला आहे. त्यामुळं नुसत्या क्रमांकानं लावलं की केळी केवड्याच्या आधी येते, आणि ज्यानं यादी मागितली त्याला वाटतं प्रोग्रॅम बिघडला. क्ष चंही तेच. आमच्या भागात क्षीरसागर आडनाव काही कमी नाही. कच्च्या क्रमानं ते क च्या घरात शेवटी जातं. कुणाला ते तिथंच हवं असतं, कुणाला सगळ्या यादीच्या शेवटी ज्ञ च्या आधी. मी विचारतो आणि टेस्टमध्ये लिहितो. तालुक्यांना तर अक्षरांचा क्रमच नको असतो, प्रत्येक कार्यालयाचा आपला एक ठरलेला क्रम असतो आणि तो कुणी का ठरवला ते कुणालाच माहीत नसतं. त्यावर वाद घालू नये.

यादी उलटीपालटी करून पुन्हा द्यावी, निकाल तोच यायला हवा. निकाल परत आत घालावा, काही हललं नाही पाहिजे. या दोन टेस्ट एकदा लिहिल्या की कुठल्याही यादीला चालतात.

९. यंत्राला खोड्या काढू द्याव्यात

आपण लिहिलेल्या उदाहरणांत आपल्याला सुचलेलंच येतं. यावर स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठातल्या क्लासेन आणि ह्यूज यांनी क्विकचेक नावाचं साधन काढलं, त्याचा लेख २००० मध्ये आला. तुम्ही फक्त नियम सांगायचा, जसं ‘बेरीज जुळली पाहिजे’. साधन स्वतः शेकडो याद्या बनवून नियम मोडायचा प्रयत्न करतं. मोडला तर ती यादी छाटत छाटत दोन-तीन ओळींवर आणून दाखवतं. पायथनमध्ये हेच काम हायपोथेसिस करतं. फक्त त्याला मोकळं सोडलं तर ते देवनागरीतली अशी अक्षरं जोडतं, की वाचताना जीभ मोडते. असलं गाव पृथ्वीवर नाही, आणि मग ते चुकलं काय नि बरोबर आलं काय. मी त्याला जिल्ह्याचं खरं झाड देतो आणि खोड्यांची यादी देतो: अनुस्वार घाल, ‘बु’ काढ, मधली जागा खा, देवनागरी आकडे इंग्रजी कर, तालुका रिकामा सोड. त्यानं शोधलेली भांडणं खरी असतात.

आणि हो, नवीन टेस्ट लिहिली की कोड मुद्दाम मोडून ती लाल होते का ते एकदा बघावं. काही टेस्ट जन्मल्यापासून हिरव्याच असतात.

१०. टेस्ट दुकानातल्या पोराला वाचता आली पाहिजे

माझ्या टेस्टांची उदाहरणं कोडमध्ये नसतात. साध्या शीटमध्ये चार रकाने: काय लिहून आलं, कुठं जायला पाहिजे, कुणी सांगितलं, शेरा. कोड ती शीट वाचतो आणि एकेक ओळ तपासतो. यामुळं केंद्रप्रमुख मोबाइलवर ती उघडून ‘ही शाळा आता आमच्या केंद्रात नाही’ असं सांगू शकतात. कोड दाखवला असता तर त्यांनी नुसती मान डोलावली असती.

कृषी केंद्रात हिशेब बघणाऱ्या मुलाला मी शीट पहिल्यांदा दाखवली तेव्हा तो खाली सरकवत सरकवत नॅनो युरियावर थांबला. २०२१ मध्ये आलेली ती अर्ध्या लिटरची बाटली. “दादा, परवान्यानं हे खतातच येतंय, बरोबर हाय. पण आपण ठिवतो औषधाच्या फळीवर. गिऱ्हाइकाला मी खताच्या गोदामात पाठवू का?” त्याचं बरोबर होतं. परवान्याचं झाड एक आणि फळीचं झाड दुसरं, यादी तीच. तेव्हापासून त्या शीटला पाचवा रकाना आहे, फळीचा, आणि दोन्ही पत्ते तपासले जातात.

२०२३ मध्ये नॅनो डीएपी आलं तेव्हा ओळ त्यानंच टाकली, परवाना आणि फळी दोन्ही भरून. मला फक्त टेस्ट चालवायच्या होत्या. गट बरोबर आला, पोटगट बरोबर आला, लाल झाली ती साठ्याची बेरीज. नावात डीएपी दिसलं म्हणून कोडनं प्रत्येक बाटली पन्नास किलोची गोणी धरली होती.